चार हजार क्लिक्स, बारा फोटो

फोटो काढणं आता कुणालाही जमतं. खरं काम सुरू होतं कॅमेरा बॅगेत गेल्यावर. खोपोलीतल्या एका फोटोस्टोरीचा हा पडद्यामागचा हिशेब.

तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता किती फोटो आहेत? अंदाज नको, गॅलरी उघडून बघाच. आठ हजार? बारा हजार? टीम लंचचे, भुशी डॅमचे, मीटिंगमधल्या व्हाइटबोर्डचे, मॉलच्या पार्किंगमधल्या खांबाचे (गाडी कुठे लावली ते विसरू नये म्हणून!). आणि त्याच ढिगात तुमच्या आजीचा, मामाचा नाहीतर शाळेतल्या मैत्रिणीचा एखादा जाम भारी फोटो आहे. आता तो एका मिनिटात शोधून दाखवा बघू.

नाही ना सापडत? टेन्शन घेऊ नका, सगळ्यांचं तेच आहे. फोटो काढायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. पण तो निवडायला, सांभाळायला आणि लागेल तेव्हा सापडायला एक पद्धत लागते. आमच्या धंद्यात तिला ‘वर्कफ्लो’ असं भारदस्त नाव आहे. ऐकायला एकदम आयटी कंपनीच्या प्रेझेंटेशनसारखं वाटतं, पण फंडा आईच्या स्वयंपाकघरातलाच. कुठला डबा कुठे, कशावर लेबल, काय आजच संपवायचं आणि काय मुरत ठेवायचं.

मी फ्रीलान्सर आहे. लिहिते, फोटोही काढते. मास कॉमच्या वर्गात आम्हाला अॅपर्चर शिकवलं, शटर स्पीड शिकवला, फोटोस्टोरी कशी ‘दिसते’ तेही शिकवलं. चार हजार फोटो घरी आल्यावर त्यांचं करायचं काय, हे मात्र खोपोलीत शिकले.

गाव विजेचं, गोष्ट विटांची

मुंबई-पुण्याच्या लोकांना खोपोली कशी माहीत असते? एक्स्प्रेसवेवरची पाटी, वडापावचा ब्रेक, झेनिथचा धबधबा, नाहीतर इमॅजिकाची पिकनिक. थोडा अभ्यास असलेल्यांना टाटांचं पॉवरहाऊस आठवतं. वरच्या तलावांचं पाणी पाचशेहून जास्त मीटर खाली पाइपातून आणून इथे १९१५पासून वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते. वापरून झालेलं पाणी पाताळगंगेत सोडतात. एकदम फोटोजेनिक स्टोरी!

मला करायची होती ती दुसरी. खोपोलीच्या आजूबाजूला कातकरी वाड्या आहेत. दिवाळी झाली की या वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. माणसं कुटुंबासकट वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. जाण्याआधी भट्टीमालकाकडून ‘उचल’ घेतलेली असते, म्हणजे अॅडव्हान्स. सगळा सीझन ती फेडण्यात जातो, कधी कधी पुढचाही. वेठबिगारी आपल्याकडे १९७६च्या कायद्याने बंद झाली. उचल मात्र चालूच आहे.

मी एका कुटुंबाबरोबर नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ असा एक सीझन काढायचं ठरवलं. आजी, तिचा मुलगा, सून आणि तीन नातवंडं. एकूण अकरा फेऱ्या झाल्या, दर फेरीला साधारण चारशे फोटो. पहिल्याच दिवशी मुलाने अट घातली, “ताई, फोटो काढा, पण भट्टी कुणाची ते कळता कामा नये. अजून उचल फिटलेली नाय.”

ही एक अट पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी होती. फोटो बरा-वाईट निघणं ही माझी अडचण. पण एखादा फोटो भलतीकडे गेला, तर पुढच्या दिवाळीत त्या घराला काम मिळालं नसतं.

कॉपी आधी, चहा नंतर

नियम नंबर एक: घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी कार्ड कॉपी करायचं. एक कॉपी लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर. दोन्हीकडे फोटो उघडतायत हे बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. तिसरी कॉपी गावाबाहेर. माझी पुण्याला मावशीच्या कपाटात असते, साड्यांच्या खाली. ज्यांना परवडतं त्यांनी क्लाउडवर ठेवावी. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने हे ३-२-१ असं सोपं करून लोकप्रिय केलं. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

दुसऱ्या जागी कशाला, असं वाटतं ना? खोपोलीचा पाऊस एकदा येऊन बघा. जुलैत इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, लेन्सची काय कथा! आणि आमच्याच खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३च्या रात्री तिथे दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली, चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. घरंच ढिगाऱ्याखाली गेली, तिथे भिंतीवरची तसबीर कुठली राहायला? त्या बातम्या वाचल्यानंतर चारच महिन्यांनी मी या कुटुंबाचे फोटो काढायला लागले. तिसऱ्या कॉपीचा कंटाळा मला कधीच आला नाही.

फोल्डरचं नाव तारखेने सुरू करायचं, तीही उलटी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे कॉम्प्युटर आपोआप क्रमाने लावतो. आणि कॅमेरा आणि मोबाइल या दोन्हींचं घड्याळ सारखं ठेवायचं. दोन्हीवरचे फोटो एकत्र केले की दिवस जसा घडला तसा उलगडतो. पहाटे चिखल तुडवणं, मग साचे, मग उन्हात मांडलेल्या कच्च्या विटांच्या रांगा, मग दुपारची डुलकी.

शटलमधली पंचवीस मिनिटं

खोपोली ते कर्जत शटल साधारण पंचवीस मिनिटं घेते. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी, कर्जत. दर फोटोला दोन सेकंद धरले तर चारशे फोटो बघायला लागतात तेरा-चौदा मिनिटं. म्हणजे केळवली यायच्या सुमाराला माझी पहिली चाळणी झालेली असते!

यात चलाखी काही नाही. पहिल्या फेरीत फक्त हो किंवा नाही. लाइटरूममध्ये हो म्हणजे पी, नाही म्हणजे एक्स. किती स्टार द्यायचे, कुठे क्रॉप करायचा, रंग बरा आहे का, असा विचार करायला बसलात की संपलात. पहिल्या फेरीत माझ्याकडे चारशेतले चाळीस उरतात. दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी, कारण काढल्या दिवशी आपल्याला प्रत्येक फोटोमागची मेहनत आठवत असते. अडीच किलोमीटर चालले म्हणून फोटो चांगला वाटतो. वाचकाला ते अडीच किलोमीटर दिसत नाहीत.

हल्ली हे काम करून देणारी एआय सॉफ्टवेअर्स आली आहेत. हललेले फोटो, डोळे मिटलेले फोटो ती झटक्यात बाजूला काढतात. लग्नाच्या तीन हजार फोटोंना एकदम बेस्ट. माझ्या स्टोरीत मात्र त्याने आजीचा एक फोटो ‘डोळे मिटलेले’ म्हणून कचऱ्यात टाकला. भट्टी पेटवल्यावर धुराने तिचे डोळे मिटले होते. अख्ख्या सीझनमध्ये धूर इतका स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच फोटोत आला नव्हता. छापलेल्या बारामध्ये तो तिसऱ्या नंबरवर गेला. तेव्हापासून मी हललेल्यांची वर्गवारी मशिनला करू देते, डोळे मात्र स्वतः बघते.

सीझन संपला तेव्हा निवडलेले साडेचारशे फोटो होते. त्यातून नव्वद काढले, त्यांच्या पोस्टकार्ड साइजच्या प्रिंट्स गावातल्या स्टुडिओतून काढून आणल्या आणि जमिनीवर मांडल्या. स्क्रीनवर एका वेळी एक फोटो दिसतो, जमिनीवर गोष्ट दिसते. जागा दाखवणारा एक, माणूस ओळखीचा करणारा एक, काम दाखवणारे दोन-तीन, बारीकसारीक वस्तू, माणसांमधलं नातं आणि शेवटी पुढे काय होणार ते सुचवणारा एक. एकाच अर्थाचे दोन आले की एक उचलायचा, कितीही लाडका असला तरी. बारा उरले.

नाव, गाव, तारीख

सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे कॅप्शन. सगळ्यात महत्त्वाचंही तेच. फोटोच्या फाइलमध्येच माहिती लिहायची सोय असते, तिला आयपीटीसी म्हणतात. कोण, कुठे, कधी, काय करतंय. त्याच रात्री लिहायचं. आठवड्याने ‘ही आजीची कोण?’ असा प्रश्न पडतो आणि महिन्याने तोही पडत नाही.

याचं महत्त्व कळायला आमच्या डोक्यावरचा बोरघाट पुरेसा आहे. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटापाशी अडली. पुढे माणसं पालखीतून नाहीतर पायी घाट चढायची. घाटाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको अॅलिस हिने ठेका पुढे चालवला आणि अॅडमसन व क्लाउझर या इंजिनीअरांना हाताशी धरून काम पुरं करून घेतलं. १८६३मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. या कामाचे तिने काढलेले फोटोही आहेत. बोरघाटाची पहिली फोटोस्टोरी एका ठेकेदारणीची, असं म्हणायला हरकत नाही!

ट्रेडवेल दांपत्याचं नाव राहिलं, दोन्ही इंजिनीअरांची नावं राहिली. घाट फोडणारे मजूर हजारोंनी होते आणि हजारोंनी मेले. त्यातलं एक तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल? म्हणून मी माझ्या फाइलमध्ये ‘मजूर महिला’ असं कधी लिहीत नाही. नाव लिहिते. छापताना नाव बदलायचं असेल तर ते छापताना बदलू, फाइलमध्ये खरंच राहू दे.

‘ताई, जरा उजळ कर ना!’

आता येऊ या खऱ्या ‘एडिटिंग’कडे, म्हणजे लोकांना जे फोटोशॉप वाटतं तिकडे. माझी हद्द ठरलेली आहे. प्रकाश, कॉन्ट्रास्ट, व्हाइट बॅलन्स आणि क्रॉप. एका उजेडातला एक फोटो नीट करायचा आणि तीच सेटिंग्ज त्या उजेडातल्या बाकी सगळ्यांना लावायची. बारा फोटोंना दोन तास, बस्स.

त्यातही एक मेख आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या दृश्याची सरासरी काढून ते मधल्या करड्या रंगावर आणायला बघतं. मागे पांढरं आभाळ आणि पुढे सावळा चेहरा असला की चेहरा काळाठिक्कर पडतो. ‘ऑटो’ दाबलं की तोच चेहरा पीठ फासल्यासारखा होतो. दोन्ही खोटं. म्हणून चेहऱ्याचा रंग मी हाताने लावते, त्या माणसाशेजारी बसले होते ते आठवून.

एका मासिकाने मला सांगितलं, आभाळ जरा डार्क करा, आजीच्या सुरकुत्या आणखी खोल दिसू द्या, आणि ती कोल्ड्रिंकची बाटली काढून टाका, गरिबी ‘क्लीन’ दिसत नाही. मी नाही म्हटलं. स्टोरी दुसरीकडे छापून आली. हा काही माझा एकटीचा सोवळेपणा नाही. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२च्या कव्हरवर पिरॅमिड जवळजवळ सरकवले, त्याची चर्चा अजून होते. २०१५मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या शेवटून दुसऱ्या फेरीतले २० टक्के फोटो फेरफारामुळे बाद झाले. त्याच वर्षी रॉयटर्सने फ्रीलान्सरना कळवलं, रॉ फाइलवर काम केलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातून निघालेलं जेपेगच द्या.

गंमत पुढे आहे. छापून आलेली पानं घेऊन मी वाडीवर गेले. आजीने तिचा धुरातला फोटो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, “ही मीच का? ताई, जरा उजळ कर ना. आणि मागची ती भट्टी काढ. तिथं काय फुलंबिलं टाक.”

काय सांगणार? वर्ल्ड प्रेसचे नियम? सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांना २०१६मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या फोटोंमधून मी शिकले ते एवढंच, की समोरचा माणूस फोटोत आपला असतो, आपल्या मालकीचा नसतो. आजी भट्टीवर सहा-सात महिने काढून आली होती. घरातल्या भिंतीवरही तिने भट्टीच का बघायची?

त्या दिवशी माझ्या वर्कफ्लोत एक फोल्डर वाढलं. प्रत्येक स्टोरीत आता दोन असतात, ‘छापायला’ आणि ‘घरी’. ‘छापायला’मध्ये जसं घडलं तसं. ‘घरी’मध्ये ज्याचा फोटो त्याची मर्जी. फुलं हवीत तर फुलं, स्वित्झर्लंड हवं तर स्वित्झर्लंड. एकच नियम, ‘घरी’मधला फोटो बातमीत जात नाही, कधीच नाही. फाइलच्या नावापुढे ‘घ’ लावलेला असतो, म्हणजे घाईतही गोंधळ नको.

फोटोच्या पोटातला पत्ता

मुलाने घातलेली अट आठवतेय ना? चेहरे, पाट्या, ट्रकचे नंबर हे सगळं फोटोत दिसतं, म्हणून लक्षात येतं. पण मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात जीपीएसचे आकडे असतात. फाइल कुणाच्या हाती लागली, तर नकाशावर थेट भट्टीपर्यंत बोट जातं. म्हणून बाहेर पाठवायची प्रत काढताना लोकेशन काढून टाकायचं, लाइटरूममध्ये तसा पर्यायच आहे. भट्टीवर असताना मोबाइल कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सगळी जशीच्या तशी जाते. संपादकांना तर डॉक्युमेंटच हवं असतं!

खऱ्या नावांची यादी लॅपटॉपवर पासवर्डमध्ये. बाहेर जाणाऱ्या प्रतीत बदललेली नावं. एवढं सगळं करायला शेवटी वीस मिनिटं लागली. ते कुटुंब पुढच्या सीझनला त्याच भट्टीवर कामाला गेलं. चांगली बातमी आहे की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चाळीस सेकंद

२०२५च्या पावसाळ्यात आजी गेली. तिचा मोठा नातू भिजत माझ्याकडे आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डची झेरॉक्स. स्टुडिओवाल्याने त्यावरून फोटो मोठा करून दिला होता, पण त्यात आजी ओळखू येत नव्हती. दहाव्याला तसबीर हवी होती.

मी लॅपटॉप उघडला आणि शोधमध्ये आजीचं नाव टाइप केलं. चाळीस सेकंदांत तेवीस फोटो समोर. सगळ्या कॅप्शन्समध्ये तिचं नाव होतं म्हणून.

मला वाटलं तो धुरातला घेईल, नाहीतर विटांच्या रांगेतला. त्याने ते बघितलेच नाहीत. सरसर खाली गेला आणि एका फोटोवर थांबला. आजी उलट्या घमेल्यावर बसून खो-खो हसतेय, धाकटा नातू तिच्यासमोर नाचतोय, त्याचा फक्त एक हात फ्रेममध्ये. साडेचारशेमध्ये होता, नव्वदमध्ये नव्हता. फोटोस्टोरी म्हणून त्याला काही अर्थ नव्हता. मागे भट्टी होती.

“मागची भट्टी काढू?” मी विचारलं.

तो जरा थांबला. “काढा. तिला नको होती.”

मी भट्टी काढली. फुलं टाकली, झेंडूची. चेहऱ्याचा रंग मात्र जसा होता तसाच ठेवला आणि नातवाला दाखवला. तो म्हणाला, “हां, ही आमची आजी.” फाइलला ‘घ’ लावला, प्रिंट लॅमिनेट करून दिली.

तुम्हाला काय जमेल?

तुम्ही म्हणाल, आम्ही थोडेच फोटोग्राफर आहोत! ठीक आहे. पण घरच्यांचे फोटो तुमच्याकडेच आहेत ना? मग येत्या रविवारी एवढंच करा. गेल्या वर्षाचे फोटो उघडा, हो की नाही एवढंच ठरवत एकदा खाली जा. दुसऱ्या रविवारी त्यातून बारा निवडा. ज्यात माणसं आहेत, त्यांची नावं लिहा. पूर्ण नावं, ‘मॉम’ आणि ‘बॉबी काका’ नकोत. एक कॉपी दुसऱ्या घरी ठेवा. आणि बाराच्या बारा छापून घ्या. एका पिझ्झाच्या पैशात होतात.

बाद झालेले लगेच डिलीट करू नका. नातवंडं त्यातलाच मागतात.